शेवटची आकृती

मावशीचा एक शोधनिबंध आठशेहून जास्त शास्त्रज्ञांनी आपापल्या लेखांत उद्धृत केला होता, आणि त्यातल्या बहुतेकांनी तो नेमका उलटा उद्धृत केला होता. यातली पहिली गोष्ट मावशीच्या आईला माहीत होती, दुसरी नव्हती. त्यामुळे आई भेटेल त्याला धरून पहिली गोष्ट ऐकवत असे.

दंतवैद्याच्या खुर्चीत तोंडात कापूस कोंबलेला असतानाही तिने ती ऐकवली होती. "आठशे लोकांनी हिचं नाव घेतलंय, डॉक्टर. आठशे! तुमचं किती जणांनी घेतलंय?" दंतवैद्य बिचारा पुन्हा दाढेच्या मागे लागला.

'मावशी' हे नाव भाच्यांनी दिलेलं. मावशी दिवसभर उंदरांबरोबर असते एवढंच त्या पोरांना कळलं होतं, म्हणून ती 'उंदीरमावशी'. ते नाव घरातून प्रयोगशाळेत कसं पोचलं कोणास ठाऊक, पण विद्यार्थी तिला तोंडावर 'मॅडम' म्हणत आणि पाठीमागे 'मावशी', आणि तिला दोन्ही चालत होतं. तिचा विषय रोगप्रतिकारशास्त्र. शरीराची स्वतःचीच फौज स्वतःच्याच सांध्यांवर का चालून जाते, याचा शोध. घरातलं कोण आणि बाहेरचं कोण हे त्या फौजेला ओळखू येईनासं होतं, मग बोटं सुजतात, गुडघे धरतात, सकाळी कपाचा कान बोटांत धरवत नाही. आईला हे दुखणं फार उशिरा जडलं, मावशीने विषय त्याच्या कितीतरी आधी घेतला होता. पण लेकीने आपल्यासाठीच हे सगळं मांडलंय असं आई लोकांना सांगायची, आणि मावशीने तिला कधी खोडलं नव्हतं.

आता तो निबंध. एक छोटंसं प्रथिन होतं. त्याचं खरं नाव म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे, म्हणून प्रयोगशाळेत सगळे त्याला 'मध्यस्थ' म्हणत. हे मध्यस्थ सुजलेल्या सांध्यात गेलं की भांडण मिटवतं, पेशी शांत होतात, सूज उतरते, असा तेव्हा बोलबाला होता. मावशीने उंदरांना ते टोचलं. सूज खरंच उतरली. आलेखातली रेघ अशी झोकात खाली आली की भिंतीवर लावावी. ही झाली निबंधातली पहिली आकृती.

पण मावशीचा स्वभाव संशयी. हे प्रथिन जिवाणूंच्या पोटात तयार करून घेतात, आणि ते बाहेर काढताना जिवाणूंच्या सालीचे कण त्याच्याबरोबर येतात. हे कण अगदी थोडे जरी टोचले तरी शरीराची फौज आधी त्यांच्यावर तुटून पडते, मग दमते आणि निपचित होते. तेव्हा सूज मध्यस्थाने उतरवली की त्याच्याबरोबर आलेल्या घाणीने? मावशीने प्रथिन धुतलं, गाळलं, पुन्हा धुतलं, कण मोजून मोजून काढले, आणि मग ते लखलखीत प्रथिन नव्या उंदरांना टोचलं. सूज उतरली नाहीच, वर वाढली. काही उंदरांना पिंजऱ्यात मागच्या पायांवर उभंही राहवेना. ही शेवटची आकृती. असा निबंध असाच लिहितात. आधी वरवर काय दिसतं ते सांगायचं, मग खरं काय ते दाखवायचं.

गडबड झाली ती सरांमुळे. सर म्हणजे मावशीचे गाईड, या विषयातलं सगळ्यात मोठं नाव. ते तेव्हा एक भलाथोरला आढावा-लेख लिहीत होते. "तुझ्याकडे नवीन काय आहे, पाठव," म्हणाले. मावशीने पहिली आकृती पाठवली आणि खाली स्वच्छ लिहिलं की शुद्धीकरण अजून चालू आहे, एवढ्यात काही म्हणू नका. सरांनी आकृती ठेवली आणि खालची ओळ सोडली. 'मध्यस्थ सांध्यांची सूज उतरवतं,' असं ठोकून देऊन पुढे मावशीचा संदर्भ टाकला. त्यांचा लेख छापायला जाईपर्यंत मावशीचा निबंध मासिकाने स्वीकारला होता, पण छापून यायचा होता, म्हणून पृष्ठक्रमांकही अंदाजानेच टाकला.

पुढे निबंध छापून आला तो दुसऱ्याच पानावर. सरांनी टाकलेल्या पानावर बेडकाच्या आतड्यातल्या कृमींवर एक लेख होता. मावशीने एकदा हौसेने तपासलं, तेव्हा तिला कळलं की तिला उद्धृत करणाऱ्यांच्या संदर्भसूचीत ओळीने तेच बेडकाचं पान आहे. म्हणजे निबंध कोणी उघडलेलाच नव्हता. एकाने सरांचं उतरवलं, दुसऱ्याने पहिल्याचं, तिसऱ्याने दुसऱ्याचं. बेडकाचे कृमी जगभर हिंडून आले.

मावशी गप्प बसली असं कोणी म्हणू नये. तिने एकेकाला पत्रं लिहिली. बऱ्याच जणांनी ताकास तूर लागू दिली नाही. एका प्राध्यापकाने आपल्या कार्याबद्दल नितांत आदर आहे असं कळवलं आणि पुढच्याच लेखात पुन्हा उलटं उद्धृत केलं. एका संपादकाने कळवलं, दुरुस्तीची मुदत उलटून गेली आहे. सहकारी चहाच्या टेबलावर हसायचे. उद्धरणं वाढतात म्हणून बोटं मोडणारी बाई त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बघितली होती. शेवटी मावशीनेच कानाला खडा लावला. नुकसान झालं तर उंदरांचं, आणि ते बिचारे तक्रार करत नाहीत, असं स्वतःला समजावून ती कामाला लागली.

मग एक दिवस संचालकांनी बोलावलं.

संस्थेच्या दारातच त्यांनी एक मोठा पडदा बसवून घेतला होता. त्यावर प्रत्येक शास्त्रज्ञाचं नाव आणि त्याची उद्धरणं सरकत असायची, स्टेशनवर गाड्या लागतात तशी. मावशीचं नाव सगळ्यात वर. संचालकांच्या खोलीत काचेचं टेबल होतं आणि टेबलावर एकही कागद नव्हता, याचा त्यांना फार अभिमान होता.

"बसा, मॅडम, बसा. आनंदाची बातमी आहे. विभागप्रमुखाच्या जागेसाठी तुमचं नाव जवळजवळ पक्कं आहे. निवड समितीचे अध्यक्ष खुद्द सर आहेत. शुक्रवारी समितीपुढे खुलं व्याख्यान द्यायचं, फक्त उपचार म्हणून. विषय तुमचाच. आणि ती आपली प्रसिद्ध आकृती सुरुवातीलाच दाखवा, काय? माहितीपत्रकावर पण तीच आहे."

"कुठली आकृती?"

"कुठली काय! ती खाली जाणारी रेघ." त्यांनी हवेत हाताने रेघ ओढून दाखवली. "आणि वेळ बघा कशी जुळून आलीये. समोरच्या रुग्णालयात त्याच औषधाची चाचणी सुरू होतेय. माणसांवर. सोमवारी पहिली इंजेक्शनं. तुमचं मध्यस्थ आता माणसांत येतंय, मॅडम!"

मावशीच्या हातात पेढा असता तर पडला असता. हातात काही नव्हतं म्हणून तिने खुर्चीचा हात धरला. चाचणीची कागदपत्रं बघायला मिळतील का, असं तिने विचारलं. संचालकांना त्यात कौतुकच वाटलं. त्यांनी ती लगेच पाठवून दिली.

कागदपत्रांचा गठ्ठा चांगला उशीएवढा होता. कुठली सुई, कुठला दंड, किती थेंब, सगळं होतं. 'प्राण्यांवरील पुरावा' या मथळ्याखाली मात्र एकच पान. त्यावर पहिली आकृती, निळ्या-केशरी रंगात सजवलेली. खाली मावशीचं नाव. नावापुढे बेडकाचं पान.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कंपनीवाले असोत की डॉक्टर, कोणीतरी, कधीतरी, एकदा तरी तो निबंध उघडायला नको होता? तिने त्याच बैठकीत रुग्णालयाच्या नीतिसमितीला पत्र लिहिलं. उत्तर तासाभरात आलं, एवढीच काय ती तत्परता. समितीची पुढची बैठक पुढच्या महिन्यात होती आणि पत्र त्या बैठकीपुढे ठेवण्यात येणार होतं. कंपनीने पत्र पोचल्याचंही कळवलं नाही.

मग ती सरांकडे गेली.

सर निवृत्त झाले होते, पण त्यांची खोली निवृत्त झाली नव्हती. भिंतभर सत्काराचे फोटो, आणि टेबलावर मासिकांच्या चळती, काहींवरचं प्लास्टिकचं वेष्टणही तसंच. सरांनी स्वतः उठून तिच्यासाठी खुर्ची ओढली. तिच्यावर त्यांची माया होती, हे मावशीलाही नाकारता येत नव्हतं.

"ये गं. ठरलं ना सगळं? भाषणात फार खोलात जाऊ नकोस, त्या संचालकाला झेपत नाही."

"सर, चाचणी थांबवायला हवी."

"का?"

तिने सगळं सांगितलं. पहिली आकृती, घाण, शुद्धीकरण, वाढलेली सूज. सर मान हलवत ऐकत होते, लग्नाच्या हॉलमध्ये दूरच्या नातेवाइकाचं बोलणं ऐकतात तसं.

"अगं, माणसं म्हणजे काय उंदीर आहेत?"

"नाहीत ना? मग पहिल्या आकृतीतले तरी कोण होते, सर? तेही उंदीरच होते."

सर हसले. "जीभ तशीच आहे तुझी. बरं, तुझा मुद्दा घाणीचा ना? तीच हरकत ना तुझी? मग काळजी सोड. कंपनीचं औषध एकदम शुद्ध आहे. तुझ्या प्रयोगशाळेपेक्षा दसपट शुद्ध. घाणीचा कणसुद्धा नाही."

"सर, शुद्ध दिलं तेव्हाच तर सूज वाढली. सगळा निबंधच त्यावर आहे."

"असं कुठे म्हटलंयस तू?"

"शेवटच्या आकृतीत."

"हं."

"सर, तुम्ही निबंध वाचलाय ना?"

"मी तुझा गाईड आहे," सर म्हणाले. हे कशाचं उत्तर होतं ते त्यांचं त्यांना ठाऊक. मग त्यांचा आवाज जरा चढला. "तुला कोण ओळखत होतं तेव्हा? कोपऱ्यातल्या मासिकात छापलेला निबंध. मी आढाव्यात नाव घातलं म्हणून आज पडद्यावर सगळ्यात वर आहेस. ती उद्धरणं माझ्या वाक्याला मिळाली आहेत, तुझ्या आकृतीला नाही. आणि आता उठून सांगणार की ते वाक्य चुकलं? शंभर लोकांनी त्यावर प्रबंध लिहिलेत. त्यांच्या पोटावर पाय देणार?"

"आणि सोमवारी दंडात सुई जाणाऱ्यांचं काय?"

"डॉक्टर आहेत की बघायला. काही वाटलं तर थांबवतील." सरांनी हात पुढे करून तिच्या मनगटावर थोपटलं. "आधी खुर्चीवर बस. प्रमुख झालीस की छाप तुझी दुरुस्ती. मी प्रस्तावना लिहून देतो. पण शुक्रवारी नाही. शुक्रवारी तोंड उघडलंस तर मी काही करू शकणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो."

जिन्यावरून उतरताना मावशीला रडू आलं, आणि रडू आलं याचा राग आला. या माणसाने तिला सुई धरायला शिकवली होती. उंदीर घाबरू नये म्हणून तो तळहातात कसा घ्यायचा, हेही त्यानेच शिकवलं होतं. बोटांची ती नजाकत असलेला माणूस एक निबंध उघडून बघत नाही, हे तिच्या डोक्यात शिरत नव्हतं.

घरी आली तर आई स्वयंपाकघरात बसलेली, कोमट पाण्याच्या पातेल्यात दोन्ही हात बुडवून. बोटांच्या पेरांवर सूज होती, अंगठी कधीच काढून ठेवली होती.

"आलीस? बस. तुला सांगायचंच राहिलं," आई म्हणाली. चेहरा असा की काहीतरी करून ठेवलंय. "मी नाव दिलंय."

"कशाला?"

"तुझ्या औषधाला! सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, चाचणी आहे, हव्यात माणसं. मी म्हटलं, अहो, ते माझ्या लेकीनेच शोधलंय. त्या उठून उभ्या राहिल्या गं खुर्चीतून! आणि समोरच्या काकूंनाही मीच भरीला घातलं. त्या नको नको म्हणत होत्या, घाबरट. मी म्हटलं, आठशे शास्त्रज्ञ खोटं बोलतात का? सोमवारी आम्ही दोघी रिक्षाने जाणार आहोत."

मावशीने पिशवी खाली ठेवली. मग ती आईच्या समोर जमिनीवरच बसली.

"आई, ते माझं औषध नाही."

"म्हणजे?"

"मी लिहिलंय की त्याने सूज वाढते. वाढते, आई. आठशे जणांनी उलटं लिहिलं."

"आठशे जणांनी? सगळ्यांनी?"

"जवळजवळ."

"का? वैर आहे का तुझ्याशी?"

"वैर कसलं. वाचलंच नाही कोणी."

आई पातेल्यातलं पाणी बघत बसली. पाण्यातली बोटं थोडी हलली. मावशीला वाटलं आता ही रडणार.

"म्हणजे इतकी वर्षं," आई म्हणाली, "मी त्या दंतवैद्याला खोटं सांगत होते? आणि तू मला सांगू दिलंस? मला तोंडावर पाडलंस की गं!"

"तुला आनंद व्हायचा म्हणून गप्प बसले."

"आनंद गेला खड्ड्यात." आईने हात बाहेर काढले आणि पदराला न पुसता तसेच हवेत धरले. "आता काय करणार आहेस?"

"तुझं नाव काढते. काकूंचंही. उद्याच्या उद्या."

"आणि बाकीचे?"

मावशी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

"त्या डॉक्टरीणबाईंच्या बाकड्यावर माझ्या शेजारी एक बाई बसते," आई म्हणाली. "बस चालवायची. आता स्टिअरिंग धरवत नाही. तिलाही मीच सांगितलं. आणि तिच्यापलीकडे दोघे-तिघे कान देऊन ऐकत होते, त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही. मी एकटीने अर्धा बाकडा भरलाय तुझ्या नावावर. तू माझं नाव काढशील, मी घरी बसेन, आणि सोमवारी ती बाई एकटी जाईल. तिला मी काय तोंड दाखवू?"

"सरांनी सांगितलंय, तोंड उघडलं तर खुर्ची गेली."

"खुर्ची? बसायला कमी खुर्च्या आहेत का घरात?" आई कडाडली. मग जरा थांबून, हळू आवाजात म्हणाली, "फार मोठी होती का गं ती खुर्ची?"

"हो," मावशी म्हणाली. "मला हवी होती." आणि ते खरंच होतं. प्रमुखाला स्वतंत्र उंदीरघर मिळतं, चार माणसं मिळतात, प्रत्येक सुईसाठी अर्ज करावा लागत नाही. त्या खोलीत कुठलं कपाट कुठे ठेवायचं, हेही तिने मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं. आईने ओला हात लेकीच्या डोक्यावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंना गाठायला गेली. बाई चांगल्या होत्या, पण घाईत होत्या. बाहेर बाकडं भरलेलं. "मॅडम, तुमच्या आईंचं नाव काढते, काही अडचण नाही. पण पूर्ण चाचणी? अहो, चालवतेय मीच, पण आठशे संदर्भ आहेत. सरांचा आढावा आहे. तुम्ही एकट्या म्हणताय. शुक्रवारी तुमच्या व्याख्यानाला मी येतेच आहे, निवड समितीत आहे मी. तिथे बोलू."

मावशीने त्यांना निबंध देऊ केला. डॉक्टरीणबाईंनी तो आदराने घेतला आणि फायलींच्या ढिगावर ठेवला. तो ढीग बघूनच मावशीला कळलं की तो तिथेच राहणार. ती रागाने नाही, पण निश्चयाने बाहेर पडली. सांगून कोणी ऐकत नाही, पत्र लिहून कोणी उत्तर देत नाही, हातात देऊन कोणी उघडत नाही. मग एकच वाट उरते.

गुरुवारी दिवसभर ती कार्यालयातल्या झेरॉक्स मशीनपाशी उभी होती. मशीन दर थोड्या वेळाने कागद गिळायचं आणि मावशी झाकण उघडून तो ओढून काढायची. येणारे-जाणारे विचारत, एवढ्या प्रती कशाला? "भाषणाची तयारी," ती म्हणायची. संचालक जाता जाता खूश होऊन गेले.

शुक्रवारी सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत समिती, मधोमध सर. बाजूला डॉक्टरीणबाई, पलीकडे कंपनीचा टाय घातलेला माणूस. मागे सहकारी, विद्यार्थी, आणि आपापल्या लेखांत मावशीला उद्धृत करणारे निदान डझनभर लोक. पडद्यावर संचालकांनी आधीच पहिली आकृती लावून ठेवली होती. प्रत्येक खुर्चीवर एक पातळ, टाचलेला निबंध होता. लोकांनी तो उचलला, काहींनी वारा घेतला, काहींनी त्यावर बसकण मारली.

संचालकांनी ओळख करून दिली. आठशे हा आकडा त्यांनी तीनदा घेतला. टाळ्या पडल्या. मावशी व्यासपीठावर आली, तिने पडदा बंद केला आणि ध्वनिक्षेपक जरा खाली ओढला.

"नमस्कार. या खोलीतल्या बऱ्याच जणांनी माझा निबंध उद्धृत केलाय. त्याबद्दल आभार. मला व्याख्यानासाठी चाळीस मिनिटं दिली आहेत. निबंध आठ पानांचा आहे. तो तुमच्या हातात आहे, काहींच्या खाली आहे. मी बोलणार नाही. तुम्ही वाचा."

लोक हसले. विनोद आहे असं वाटलं. मावशी हसली नाही. तिने एक खुर्ची ओढली, व्यासपीठाच्या कडेला ठेवली आणि लोकांकडे तोंड करून बसली.

"मॅडम," संचालक कुजबुजले, "हे काय चाललंय?"

"माझं भाषण."

"अहो, असं कसं..."

"वेळ माझा आहे ना? मग ज्यांना वाचायचं नाही त्यांनी बाहेर जावं. दार उघडं आहे. कोण कोण गेलं ते मी बघतेय."

कोणी गेलं नाही. कोण जाणार? ज्याने निबंधाच्या जिवावर चार लेख छापले तो सगळ्यांच्या देखत उठून कसा जाईल? थोडा वेळ खोकले झाले, खुर्च्या करकरल्या. मग कागद सरकल्याचा आवाज आला. ज्यांनी त्यावर बसकण मारली होती त्यांनी तो अंगाखालून ओढून काढला. पानं उलटायला लागली.

मावशी बघत होती. ओळी कुठपर्यंत गेल्या हे तिला चेहऱ्यांवरून कळत होतं, तिला तो निबंध तेवढा पाठ होता. पहिल्या आकृतीपाशी सगळे ओळखीचं हसले. शुद्धीकरणाच्या पानावर कपाळांना आठ्या पडल्या. मागच्या रांगेतल्या एका सहकाऱ्याने पान उलटलं, मग झटकन परत मागे उलटलं, मग पुन्हा पुढे. त्याचे कान लाल झाले. त्याच्या शेजारचा खिशातून फोन काढून स्वतःचाच जुना लेख शोधत असावा, कारण तो एकदा फोनकडे आणि एकदा कागदाकडे बघत होता. कंपनीचा माणूस सगळ्यात भराभर वाचत होता. शेवटच्या पानावर पोचल्यावर त्याने टायची गाठ सैल केली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

डॉक्टरीणबाई सावकाश वाचत होत्या, बोट ओळीवर ठेवून. शेवटच्या आकृतीवर त्यांचं बोट थांबलं. वर जाणाऱ्या रेघेवरून ते हळूहळू वर सरकलं, आणि रेघ संपली तिथे तसंच राहिलं.

"हे शुद्ध म्हणजे किती शुद्ध?" त्यांनी विचारलं.

"तळटीप बघा," मावशी म्हणाली.

बाईंनी तळटीप वाचली. मग त्या कंपनीच्या माणसाकडे वळल्या. "आमच्याकडे तुमच्या कुप्या आल्यात, त्या यापेक्षा शुद्ध आहेत ना? तुम्हीच छातीठोक सांगितलं होतंत."

त्याने मान खाली घालून पुन्हा तळटीप काढली.

डॉक्टरीणबाई उठल्या. निबंधाची सुरळी करून त्यांनी मुठीत धरली आणि चालता चालताच फोन कानाला लावला. दाराबाहेर गेल्यावरही त्यांचा आवाज आत येत होता. "सोमवारची सगळी इंजेक्शनं रद्द. हो, सगळी. फ्रीजला कुलूप लाव आणि किल्ली तुझ्याकडे ठेव. नाही, कोणाचंही ऐकायचं नाही, मी येतेय."

मावशीने श्वास सोडला. ती खुर्चीतच बसून होती, अजून काहींची शेवटची पानं व्हायची होती.

सर उठले. त्यांच्याभोवतीची माणसं आपोआप मागे सरली. ते व्यासपीठाच्या कडेपाशी आले आणि फक्त तिलाच ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज गाईडचाच होता.

"मला भर सभेत उघडं पाडलंस. माझ्या खोलीत येऊन भांडली असतीस तर चाललं असतं."

"आले होते, सर."

"विभागप्रमुखपद विसर आता."

"विसरले," मावशी म्हणाली. तिला वाईट वाटलं, चांगलं खोल वाटलं, आणि तरी तिचा आवाज हलला नाही. सर वळणार एवढ्यात तिची नजर त्यांच्या हाताकडे गेली. निबंध त्यांनी पहिल्या आकृतीवर दुमडून धरला होता.

"सर, कितव्या पानावर आहात?"

सरांनी दुमडलेलं पान अंगठ्याने झाकलं. मागे सगळं सभागृह बघत होतं.

"बसा," मावशी म्हणाली. तिने आपली खुर्ची सोडली आणि ती ओढून त्यांच्यापुढे ठेवली. "वाचून होऊ दे. मी थांबते."